मधला तक्ता

३ फेब्रुवारी

दादा,

पत्र फाडायच्या आधी एवढं वाच. मी उपदेश करायला लिहीत नाहीये. धंद्याचं काम आहे.

तीन वर्षं तू माझ्याशी बोलला नाहीस, मीही तुझ्याशी बोलले नाही. वहिनीचं सामान टेम्पोत चढवायला मी हात लावला, हा तुझा राग. तो तुझ्याकडेच राहू दे. तशीच वेळ पुन्हा आली तर मी पुन्हा टेम्पो बोलावेन, आणि या खेपेला शिलाई मशीनही मागे सोडणार नाही. झालं, आता कामाचं.

आरोग्य खात्याने मला दारूवरचे तक्ते काढायला दिलेत. चांगले मोठे, छातीशी धरून दाखवायचे. पुढच्या बाजूला चित्र, मागच्या बाजूला मजकूर. सेविका कारखान्यांत, डेपोत, बांधकामांवर जाणार, एकेक तक्ता उलटत मागचं वाचून गोष्ट सांगणार. पाट्या रंगवायचं काम आता उरलंय कुठे, सगळं मशीनवर छापून मिळतं, म्हणून मी हो म्हटलं. दुकान अजून चालवते. तुझ्या स्टुलाची जागा तुझ्यासाठी राखून वगैरे ठेवलेली नाही. तिथे रंगाचे डबे आहेत.

पहिली खेप पार फसली. डॉक्टरीणबाईंना यकृताचं चित्र हवं होतं, चांगलं आणि खराब, शेजारी शेजारी. मी जीव ओतून काढलं. बस डेपोच्या कँटीनमध्ये दाखवलं तर एक मेकॅनिक म्हणाला, "हे चपलेचे तळ ना? डावा जास्त झिजलाय." सगळं कँटीन हसून लोळायला लागलं. मग कवटी दाखवली. तर म्हणे, ही विजेच्या खांबावर असते तीच. त्यांना वाटलं आम्ही वायरिंगबद्दल सांगायला आलोय.

तेव्हा ठरवलं, आता अवयव नको, माणूस काढायचा. एकाच माणसाची गोष्ट. त्याला नोकरी, बायको, मुलगी. तो आधी थोडी घेतो, मग रोज, मग सकाळी उठल्या उठल्या. हे सकाळचं चित्र सोबत पाठवतेय. ते खोटं वाटतंय, पण कशामुळे ते मला पकडता येत नाही. हातात ग्लास आहे, तोंड वाकडं केलंय, तरी माणूस दूध पितोय असंच दिसतं.

तू पत्र लिहायची गरज नाही. चित्रावरच पेन्सिलीने दुरुस्त कर आणि सोबतच्या पाकिटात घालून टाक. तिकीट लावलेलं आहे. पत्ता तुझ्या खोलीखालच्या सायकलवाल्याच्या दुकानाचा घातलाय, चुकला असेल तर तो सांगेलच.

— शेपूट

(तू हाक मारायचास तेच लिहिलं. दुसरी सही करायला हात वळेना.)


१८ फेब्रुवारी

दादा,

पाकीट आलं. आत एक शब्द नाही, पण चित्र खराब झालेलं तुला बघवणार नाही हे मला ठाऊक होतं. त्यावरच मी डाव लावला होता.

तू माझा हात पूर्ण खोडलास. त्या माणसाच्या मानेमागून टॉवेल घेतलास. टॉवेलाचं एक टोक ग्लास धरलेल्या हाताला गुंडाळलेलं, दुसरं टोक तो दुसऱ्या हाताने खाली ओढतोय, म्हणजे ग्लासाचा हात न सांडता तोंडापर्यंत वर येतो. विहिरीतून बादली काढावी तसा. आणि तोंड वाकडं केलेलं नाही. तोंड नुसतं वाट बघतंय.

डॉक्टरीणबाई कितीतरी वेळ बघत राहिल्या. "वॉर्डातले पेशंट सांगतात हे," त्या म्हणाल्या, "पण असं काढून कुणी दाखवलं नव्हतं. कुणी काढलं?"

"माझ्या भावाने. माझ्यापेक्षा बरा चित्रकार आहे."

"काय करतात ते?"

"पाट्या रंगवतात," मी म्हटलं. ते अजून खरं असू दे.

आता रेघेबद्दल बोलते. तू भिंतीवर दोरी न मारता, मनगट टेकवायची काठी न घेता, या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायचास. लोक रस्त्यात थांबून बघायचे आणि मी ऐटीत डबा धरून उभी असायचे, जणू रेघ मीच ओढतेय. टॉवेलाची कड तू पुन्हा पुन्हा ओढलीयस, आणि तरी ती सरळ नाही. मी रबर हातात घेतलं होतं, पण खोडवेना. तशीच ठेवलीय. छापतानाही तशीच ठेवणार आहे.

तुझ्या मुंगीने चित्र बघितलं. ती आता माझ्या खांद्याला लागते, पण नाव मुंगीच राहिलंय. "आत्या, हा काका टॉवेलने काय करतोय?" मी म्हटलं, पाणी पितोय. तिने माझ्याकडे असं बघितलं की मीच खाली बघितलं. वहिनीने चित्रावर एकदा नजर टाकली आणि आत गेली. आतूनच म्हणाली, "त्याला लिहितेयस ना? लिही. मला वाचून दाखवू नकोस." मग भांडी आवाज करत विसळली, आणि हात पुसत दारात येऊन म्हणाली, "जेवतो का, विचार."

तेव्हा विचारते. जेवतोस का?

— शेपूट


९ मार्च

दादा,

सगळी पाकिटं मिळाली. तू दुरुस्त केलेलं प्रत्येक चित्र मी जसंच्या तसं उतरवलं. सुजलेल्या पायाला चप्पल बसत नाही म्हणून पट्टा कापलेला. कुठे न आपटताच हातावर उठलेले काळेनिळे डाग. शर्टाची खालची बटणं पोटावर लागत नाहीत, आणि त्याच शर्टाच्या बाह्यांत दंड मात्र हरवलेले. मी त्याला जाड काढला होता. तू शेजारी बारीक बाण काढून दाखवलंस की तो जाड नाही, फुगलाय.

हे सगळं तुला इतकं नीट कसं ठाऊक, ते मी विचारत नाही. माझी तयारी झाली की विचारेन.

डेपोत पुन्हा गेलो. या वेळी कुणी हसलं नाही. टॉवेलाचा तक्ता आला तेव्हा मागच्या बाकावरचा एक ड्रायव्हर उठून नळाशी गेला आणि बराच वेळ तोंड धूत राहिला. तोच चपलेचे तळ म्हणणारा मेकॅनिक सेविकेला म्हणाला, "मग? याचं पुढे काय होतं?" दादा, माझं काम झालं असं वाटलं त्या क्षणी. त्याला पुढचं हवं होतं.

पुढचं काय, यावर मात्र डॉक्टरीणबाईंचं आणि माझं वाजलं. त्यांना मध्ये दवाखान्याचा तक्ता हवा होता. खाट, सलाईन, गोळ्या, नर्स. मी काढला, चांगला काढला. पण खाट दिसली रे दिसली की माणसं टोप्या उचलून निघायला लागतात. इतका वेळ धरून ठेवलेली गोष्ट तिथे सुटते. मी त्यांना तुझा नियम सांगितला. पाटी लांबून वाचता आली पाहिजे, तेव्हा जे काढून टाकता येईल ते काढून टाका. त्या कुरकुरल्या. "मग ती सूचना मागच्या मजकुरात तरी घाला," म्हणाल्या. घातली, शेवटच्या तक्त्यामागे बारीक अक्षरात.

आता कसं आखीव झालंय बघ. या तक्त्यात तो माणूस ग्लास खिडकीत ठेवतो आणि त्याच्याकडे पाठ करतो. पुढच्याच तक्त्यात दार. तो दाढी करून, पांढरा शर्ट घालून उभा, आणि मुलगी दार उघडतेय. मध्ये काही नाही. कशी झेप आहे सांग. दोन्ही पाठवतेय, नुसती चित्रंच पाठवते, मागचं तुला काय करायचंय.

वहिनीला दाराचं चित्र दाखवलं. ती म्हणाली, "शर्टाला इस्त्री नाहीये." म्हणून इस्त्रीची घडी काढली.

— शेपूट


२ एप्रिल

दादा,

घाईत आहे. संच छापून आला. पहिला तुला. दाराच्या चित्रावर तू बरोबरची खूण करून पाठवली होतीस, ती मी दुकानात भिंतीवर चिकटवलीय. लहानपणी तू माझ्या वहीवर करायचास तशीच आहे, शेपटी लांब.

छपाई कशी वाटली ते कळव. या वेळी शब्दांत कळवलंस तर बिघडणार नाही.

— शेपूट


१४ एप्रिल

दादा, दादा,

तुझं पत्र आलं. पत्र! मी ते दुकानात उभ्यानेच वाचलं, मग डब्यांवर बसून वाचलं, मग तुझ्या स्टुलावरचे डबे खाली ठेवले आणि तिथे बसून वाचलं.

"शेपटे, डोळे चुकलेत." तीन वर्षांनी भावाचे पहिले शब्द हे. मी आधी भांडायला तयार झाले, कारण डोळ्यांत पिवळा मी घातला होता, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसा. मग छापील तक्ता उजेडात धरला. डोळे पांढरेशुभ्र. छापखान्यात गेले तर यंत्रावरचा माणूस कौतुकाने म्हणाला, "ताई, तुमच्या कागदाला डाग पडले होते पिवळे, मी साफ करून घेतले." सगळ्या तक्त्यांवर. बिचाऱ्याला वाटलं, डोळ्यातलं पांढरं म्हणजे पांढरंच असायला हवं. तो आजारी माणूस नुकताच झोपून उठल्यासारखा टवटवीत बघतोय.

आणि तू ते रंगवून पाठवलंस. लिंबाचा पिवळा नाही, त्यात हिरवट मातकट थेंब. खाली लिहिलंस, "माझ्याकडे आरसा आहे. त्यात बघून मिसळलाय. आता हाच घे."

तेव्हा माझी तयारी झाली दादा, विचारायची गरज उरली नाही. मी बॅग काढली होती. पण पुढे तू लिहिलंयस, "तू येऊ नकोस. मुंगीने माझे हे डोळे बघू नयेत. आजपासून ग्लास खिडकीत. एक थेंब नाही. शेवटच्या तक्त्यातल्यासारखा येईन, शर्टाला इस्त्री करून."

मी वहिनीला वाचून दाखवलं. वाचून दाखवू नकोस म्हणाली होती, तरी दाखवलं. ती ऐकत मशीनवर बसून राहिली, पाय थांबलेला. "त्याने असं आधीही म्हटलंय," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "पण लिहून कधी दिलं नव्हतं." मुंगीने तिचं गादीजवळचं सामान हलवून जागा केलीय. कुणासाठी ते मी विचारलं नाही.

मी खूश आहे. मला लपवता येत नाहीये. माझ्या चित्रांनी डेपोतली माणसं गप्प बसली, त्याचं कौतुक होतंच, पण माझ्या चित्रांनी तू ग्लास ठेवलास. घट्ट राहा. डोळ्यांचं आपण बघू, डॉक्टरीणबाई आहेत. तू फक्त ये.

आम्ही वाट बघतोय. तिघीही.

— तुझी शेपूट


३० एप्रिल

दादा,

हे पत्र पेटीत टाकायचं नाहीये. मागचं पत्र माझ्याकडेच परत आलंय, बंदच्या बंद. सायकलवाल्याने ते पंपाशेजारी खिळ्याला अडकवून ठेवलं होतं. "तुमच्याच हातात द्यावं म्हटलं," असं म्हणाला.

ते पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी जास्तीचे संच आणायला आरोग्य खात्यात गेले. डॉक्टरीणबाई चहा पीत होत्या. मी तुझं सांगितलं, हसत हसतच सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"एकटे राहतात?"

"हो."

"रोज किती घेत होते? किती वर्षं?"

मी सांगितलं. त्या उभ्या राहिल्या. "आत्ता फोन करा. आत्ताच्या आत्ता."

तुझ्या पाकिटांमागे सायकलवाल्याच्या दुकानाचा शिक्का असायचा, त्यावर नंबर होता. इतके दिवस तू चिडशील म्हणून मी तो लावला नव्हता. फोन सायकलवाल्यानेच उचलला. "ताई," तो म्हणाला, "तुमचा नंबर आमच्याकडे कुणाकडेच नव्हता हो."

तू आदल्या दिवशी दुकानाच्या पायरीवर कोसळलास. अंग ताठ, तोंडाला फेस, एक झटका ओसरतो तोच दुसरा. त्याच्या आदल्या रात्री भिंतीवरून मुंग्या येतायत म्हणून तू भिंत पुसत होतास, असं तो म्हणाला. मुंग्या, की मुंगी, ते मी त्याला विचारलं नाही. त्याने आणि शेजारच्या शिंप्याने तुला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. पहाटेपर्यंत तू होतास. मी खूश आहे असं लिहून मी पेटीत पत्र टाकलं, तेव्हा तू त्या खाटेवर होतास.

सायकलवाला रडत होता. "दोन-तीन दिवस थेंब घेतला नव्हता त्यांनी. हात इतके थरथरायचे, मी विचारलं, थोडी आणू का? तर म्हणाले, नाही, मला घरी जायचंय. मी पाठ थोपटली त्यांची." त्याला वाटतं, पाठ थोपटली ते चुकलं. मी त्याला म्हटलं, नाही, तुमचं काही चुकलं नाही. हे कुणीतरी मला म्हणावं असं मला वाटत होतं.

खोलीत शर्ट खिळ्याला टांगलेला होता, पांढरा, इस्त्री केलेला. तू दाढी केलेली होतीस, गालावर कापलेलं होतं बऱ्याच ठिकाणी. ग्लास खरंच खिडकीत होता. धुऊन ठेवलेला, आणि त्यात तुझे ब्रश उभे. उशाशी संच होता, शेवटचे दोन तक्ते वर. तू चित्रात दाखवलं तसंच केलंस दादा. एका तक्त्यात ग्लास ठेवला आणि पुढच्यासाठी शर्ट टांगला. मध्ये काही नव्हतंच, तर तू मध्ये कुठे थांबणार होतास?

शेवटच्या तक्त्यामागे बारीक अक्षरात जे होतं ते असं होतं. फार वर्षं रोज पिणाऱ्याने दारू एकदम, एकट्याने बंद करू नये. शरीर झटका देतं, जीव जाऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. मी ते स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. मला ते माहीत होतं आणि तुझं पत्र वाचताना ते मला आठवलं नाही, कारण माझ्या डोक्यात चित्र होतं. तुझे डोळे तसे होते, तर दवाखान्यात आणूनही तू राहिला असतास की नाही, हे डॉक्टरीणबाईही सांगू शकत नाहीत. खोटा धीर देत नाहीत त्या, म्हणून मी त्यांच्याकडे रोज जाते.

वहिनी तुला न्यायला आली होती. रिक्षात, ट्रेनमध्ये, कुठेच रडली नाही. परत आल्यावर तो शर्ट तिने धुतला, तू घातलेलाही नव्हतास तरी धुतला, आणि इस्त्री करून कपाटात ठेवला. रडली ती इस्त्री करताना.

दवाखान्याचा तक्ता मी पुन्हा काढला. आता तो मध्ये आहे, ग्लासाच्या पुढे आणि दाराच्या आधी. खाटेवर माणूस, अंगाला थरथर, हाताला सलाईन, स्टुलावर त्याची बहीण. तोवर त्या माणसाला कुणाचाच चेहरा नव्हता. या तक्त्यात तुझा दिलाय. तुला विचारता येत नाही म्हणून वहिनीला विचारलं. ती म्हणाली, "दे. पण केस विंचरलेले काढ." मुंगी म्हणाली, "मग सगळ्याच चित्रांत बाबांना काढ, नाहीतर लोकांना वाटेल मध्येच दुसरा कुणीतरी आला." बरोबर बोलली. सगळे पुन्हा काढतेय. टॉवेलाची कड मात्र तुझीच आहे, वाकडी.

नवे छापून येईपर्यंत जुनेच संच, मधला तक्ता घालून, वापरायचे आहेत. मी आणि मुंगी दुकानात बसून प्रत्येक तक्त्यावरच्या डोळ्यांत पिवळा भरतोय, तू मिसळून दाखवलेला. ती तुझ्या स्टुलावर बसते. मनगट टेकवायला काठी दिली तर नको म्हणाली. तिचा हात हलत नाही दादा. मी डबा धरून बघत बसते.

काल मी स्वतः गेले होते डेपोत, सेविकेऐवजी. खाटेचा तक्ता उलटला आणि माणसांनी टोप्या उचलल्या, नेहमीसारख्या. मी म्हटलं, "बसा जरा. हा माझा भाऊ आहे." टोप्या खाली गेल्या. तो मेकॅनिक पुढे येऊन तक्त्याजवळ उकिडवा बसला. आणि मागच्या खेपेला नळाशी गेलेला तो ड्रायव्हर, सगळे पांगल्यावर माझ्यामागे उभा राहिला. त्याने तुझ्या चित्राकडे बोट करून विचारलं, "ही खाट कुठे आहे, ताई?" मी त्याला घेऊन गेले. पायीच गेलो. आज तो तिथे आहे, आणि त्याला बहीण नाही म्हणून संध्याकाळी स्टुलावर मी बसणार आहे.

मागचा मजकूर लिहून झाला. सेविकेने वाचायचा तो असा:

"हा माणूस दारू सोडतोय. त्याने ग्लास ठेवला, हे त्याने चांगलं केलं. पण शरीराला सवय लागलेली आहे, म्हणून तो एकटा सोडत नाहीये. तो आधी इथे आलाय. इथून मग घरी जाईल. पुढचा तक्ता लगेच उलटू नका. कुणी काही विचारतंय का, बघा."

नियम तुझाच पाळलाय. अक्षरं मोठी काढलीत. मुंगीने दुकानाच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीला पाठ लावून उभं राहून वाचून पाहिली. तिथून दिसतात.

— शेपूट